पाचवा ठोका

पौडच्या जयसिंगाला मोटार चालवण्यापेक्षा ती उघडून बसायची हौस भारी. लष्कराच्या कारखान्यातली नोकरी सोडून तो गावी आला, तो पेटीभर पाने-पकडी आणि कुण्या साहेबानं टाकून दिलेली लढाईआधीची विलायती मोटार घेऊनच. माणसं भरून पुण्याच्या फेऱ्या मारायच्या आणि उरलेला वेळ तिच्या पोटाखाली पडून राहायचं. "बायकूपरीस हिचंच त्वांड जास्त बघतुया," असं त्याची आई सगुणाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

पण गेल्या सालापासून ही नुसती हौस उरली नव्हती. पहिल्या खेपेला बायको रत्नाबाई अडली, तेव्हा जयसिंगानं तिला याच मोटारीत घालून पुण्याकडे नेलं होतं. पिरंगुटच्या घाटात, ऐन चढावर इंजिन बंद पडलं. हँडल मारून मारून त्याच्या तळहातांची सालटी निघाली. मूल मागच्या सीटवर जन्मलं आणि रडलंच नाही. आता रत्नाबाईला पुन्हा दिवस गेले होते, आणि या खेपेला तो घाट एका दमात चढायचा, एवढंच जयसिंगाच्या डोक्यात होतं.

अठ्ठावन्न सालचा दसरा आला. सगुणाबाईनं मोटारीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "एक घेतलंस बाय. आता एक दे."

दारात उभी असलेली रत्नाबाई पोटावर पदर ओढून आत गेली. जयसिंगाला आईचा रागच आला. लोखंडापुढं कसली मागणी मागायची?

दसरा झाला आणि त्यानं इंजिन उघडलं. वरचं डोकं पुण्यात तासून आणलं, म्हणजे जोर वाढावा. नवा मोठा कार्बोरेटर बसवला, व्हॉल्व्ह घासले. अंगणात आंबेमोहोराच्या पेंढ्या पडल्या होत्या आणि त्या गोड वासात पेट्रोलचा वास मिसळला होता. पहिल्याच हँडलला इंजिन असं काही सुरू झालं की त्याला हसूच फुटलं.

मग त्यानं लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं आणि लाकडी मूठ कानाला लावली. आतला बिघाड असाच ऐकू येतो. चार सिलेंडरचे चार ठोके उखळात आळीपाळीनं मुसळं पडावीत तसे पडत होते. टोक आणखी मागं सरकवलं आणि तो थबकला. चौथ्या सिलेंडरच्याही मागं एक पाचवा ठोका होता. बारीक, भरभर.

तिथं तर काहीच नव्हतं. नुसतं भरीव बिडाचं लोखंड.

त्यानं ॲक्सिलरेटरची तार ओढली. चारही ठोके धावायला लागले. पाचवा मात्र आपल्याच चालीनं चालत राहिला. जयसिंगाला भीती वाटली नाही, उलट नवल वाटलं. त्यानं तळ उघडला, बेअरिंगं पाहिली, सगळं पुन्हा आवळलं. ठोका तसाच.

घाटात नेऊन पाहिली तर निम्म्या चढावर पाणी उकळायला लागलं. म्हणजे ठिणगी लवकर पडतेय, असं धरून त्यानं घरी येऊन ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर किंचित मागं फिरवला. पाचवा ठोका गेला. मोटार घाट लोण्यासारखी चढली. जयसिंग शीळ घालत परतला, तर रत्नाबाई ताटापुढं नुसतीच बसलेली.

"दुपारपासनं पोटात हालचाल न्हाई," ती म्हणाली.

"निजलं आसंल," सगुणाबाई म्हणाली, पण तिनंही घास खाली ठेवला.

सकाळी जयसिंगानं डिस्ट्रिब्युटर परत पुढं घेतला. का घेतला हे त्यालाही सांगता आलं नसतं. ठोका परत आला आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून हाक आली, "आत्याबाई, फिरलं वो! फिरलं!"

इथं त्यानं पाना खाली ठेवायला हवा होता. पण कारखान्यानं लावलेली सवय वाईट: एकदा झालं ते खरं नाही, पुन्हा करून बघायचं. त्यानं डिस्ट्रिब्युटर मागं फिरवला.

ठोका थांबला.

रत्नाबाई दारात आली. दोन्ही हात पोटावर, तोंड पांढरंफटक. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती सरळ त्याच्या हाताकडे बघत होती.

"हात काढा तितनं."

त्यानं डिस्ट्रिब्युटर जाग्यावर आणला आणि पान्यांच्या पेटीला कुलूप घातलं.

कार्तिकात, भर दुपारी कळा सुरू झाल्या. मागच्या सीटवर रत्नाबाई, शेजारी सगुणाबाई. घाटाच्या पायथ्याशी मोटार तापायला लागली. जयसिंगाला माहीत होतं, पान्याची एक फिरकी दिली की ही चढेल.

"रत्ना, ठिणगी जरा मागं घिऊ का?"

"न्हाई."

गेल्या खेपेच्याच चढावर इंजिन बंद पडलं.

वाफ. झाडांची सळसळ. मागं रत्नाबाईचा दबलेला हुंदका.

त्यानं बॉनेट उघडलं आणि स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. चारही सिलेंडर गप्प होते.

पाचवा चालू होता.

तेव्हा कुठं त्याचे हात शांत झाले. घाई न करता त्यानं इंजिन निवू दिलं, पाणी भरलं, हँडलला हात घातला. पहिल्याच झटक्याला मोटार सुरू झाली.

पुण्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. दणकून रडली. जगावी म्हणून सगुणाबाईनं नाव ठेवलं धोंडी.

घरी आल्यावर जयसिंगानं मोटार गोठ्यात लावली, बॅटरी काढली, पेट्रोल ओतून टाकलं आणि पुण्याच्या बसवर नोकरी धरली. भंगारवाले आले तसे परत गेले. दर दसऱ्याला सगुणाबाई हळदकुंकू वाहायची, पण मागायची काही नाही. रोज संध्याकाळी जयसिंग थंड इंजिनाला कान लावी. कधी ठोका एकाएकी धावायला लागे आणि थोड्या वेळानं धोंडी शेतातून धापा टाकत घरात शिरे. एवढं ऐकलं की त्याला जेवण गोड लागायचं.

धोंडी चार-पाच वर्षांची असेल. त्या दिवशी घरात बापलेक दोघंच होते. ती अंगणात चिंचोके खेळत होती. इंजिन पुसताना चौथ्या सिलेंडरच्या मागं, नेमक्या त्या जागी, नखाएवढा गंजाचा तांबेरा त्याला दिसला. काल नव्हता. बोटानं पुसला तर जाईना.

त्यानं पॉलिशपेपर घेतला आणि अगदी हलक्या हातानं एकदाच घासलं.

बाहेर धोंडी खुदकन हसली.

"आबा, बघा की, कोन गुदगुल्या करतंय मला!"

त्यानं कागद खाली ठेवला. तांबेरा तसाच होता.