पेढ्याचं जेवण झालं का?

चांद्रवस्तीत राहणाऱ्या ऋजुताचा बोका दिवसेंदिवस जाड होत चालला होता, आणि घरात त्याला जास्त खायला कुणीच घालत नव्हतं. आई, बाबा, आजोबा, तिघांनीही हे शपथेवर सांगितलं. बोक्याचं नाव पेढा होतं, पण नुसत्या नावाने कुणी फुगत नाही.

प्रकरण गंभीर होतं. पुढच्या महिन्यात सगळे पृथ्वीवर परतणार होते आणि यानात सहा किलोपर्यंतच्याच प्राण्याला जागा होती. पेढा सात किलोंचा. चंद्रावर सगळंच हलकं भरतं, पण यानवाल्यांचा काटा पृथ्वीवरचं वजन दाखवायचा. बाबांनी तेवढी चौकशी करून ठेवली होती.

“तो इथे राहिला तर मीही राहीन,” ऋजुता म्हणाली.

एका सकाळी तिने पेढ्याचा पाठलाग केला. आईने स्वयंपाकघरातल्या पडद्यावर ‘जेवण द्या’ दाबलं. यंत्रातून वाटीत खाऊ पडला, पडद्यावर ‘झालं’ उमटलं. वाटी चाटून पेढा बैठकीत गेला. तिथल्या पडद्यावर मात्र ‘बाकी’च होतं. बाबा कळवळले, त्यांनीही बटण दाबलं आणि तिथल्या वाटीतही खाऊ पडला. मग पेढा चेहऱ्यावर उपवास आणून आजोबांच्या खोलीकडे निघाला.

आजोबा निवृत्त संगणकशास्त्रज्ञ. ऋजुता पेढ्याच्या आधी तिथे पोचली.

“आजोबा, ही पडद्यांची व्यवस्था कुणी केली?”

“एका अत्यंत हुशार माणसाने.”

“म्हणजे तुम्ही.”

“प्रत्येक पडद्याला मी स्वतःची स्मृती दिली. कुणी कुणावर अवलंबून नको, असा उदात्त हेतू होता.”

“म्हणजे लग्नाच्या गाडीत प्रत्येक काका ड्रायव्हरला वेगळा रस्ता सांगतो, तसं.”

“त्यातला एक काका मीच असायचो,” आजोबा म्हणाले. “आता पडद्यांची स्मृती काढून घेऊ. ‘झालं’ की ‘बाकी’, ही अवस्था (या क्षणी काय खरं आहे ते) एकाच जागी ठेवू. त्या जागेला म्हणतात स्टोअर (सगळ्यांचा सामायिक साठा).”

“मग आईने बटण दाबलं की पडदा तिथे ‘झालं’ लिहिणार?”

“छे. पडद्याने फक्त कळवायचं, ‘जेवण मागितलंय’. ही ॲक्शन (घडल्या गोष्टीची वर्दी). बदल करायचा की नाही ते नियम ठरवतो. ‘बाकी’ असेल तर खाऊ पडेल आणि अवस्था ‘झालं’ होईल. आधीच ‘झालं’ असेल तर काहीही होणार नाही.”

“दोघांनी एकदम दाबलं तर?”

“वर्द्या रांगेत लागतात. एक निपटली की दुसरी. अवस्था बदलली की स्टोअर सगळ्या पडद्यांना सांगतं, आणि सगळे तेच दाखवतात.”

“आणि उद्या?”

“‘सकाळ झाली’ हीपण एक वर्दीच. पुन्हा ‘बाकी’.”

“मग घरातलं सगळंच स्टोअरमध्ये टाकू या.”

“नको. अनेकांना लागतं तेवढंच तिथे. मी घोरतोय हे स्वयंपाकघराला कशाला कळायला हवं?”

“ते कळतंच, आजोबा.”

दोघांनी मिळून प्रोग्रॅम बदलला. दुसऱ्या दिवशी आईने बटण दाबताच घरातल्या सगळ्या पडद्यांवर ‘झालं’ उमटलं. पेढा या खोलीतून त्या खोलीत हिंडला. सगळीकडे एकच सत्य होतं, आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही.

महिन्याने यानवाल्यांच्या काट्याने पावणेसहा किलो दाखवले. ऋजुताने पेढ्याला इतकं घट्ट आवळलं की तो अजूनच बारीक झाला असावा.

“पृथ्वीवर आत्याकडे उतरायचंय,” आई म्हणाली. “तिच्याकडे नऊ माणसं आणि प्रत्येक खोलीत आपापला पडदा.”

पेढा आपणहून प्रवासाच्या पेटीत जाऊन बसला. ऋजुता मात्र यान सुटायच्या आतच आत्याच्या घरासाठी स्टोअरचे नियम लिहायला लागली होती.