चढावरचं गार इंजिन

उद्या तुमची ती जुनी गाडी बघायला येतो म्हणालोय ना, मग येणार. पण सकाळी सहाला. आणि त्या विकणाऱ्याला आत्ताच फोन करून सांगा, मी पोचेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. इंजिन रात्रभर गार पडलेलं पाहिजे. दात काय काढतोस रे भाच्या? म्हणे, "मामा, तुम्ही नुसता आवाज ऐकून सांगाल." आवाज ऐकून सांगणारा एक होता आमच्यात. माझा सख्खा साडू. त्याचं काय झालं ते ऐका आणि मग खुशाल झोपा, झोप आली तर.

मी बस डेपोत तीस वर्षं फिटर, आणि साडूचं स्वतःचं गॅरेज. सगळे त्याला कानसेन म्हणायचे. बॉनेट न उघडता, डोळे मिटून, मान वाकडी करून इंजिन ऐकायचा आणि निकाल द्यायचा. दहातले नऊ निकाल बरोबर यायचे, खोटं कशाला बोलू. पण दहावा चुकला की चूक गाडीची, मालकाची, नाहीतर रस्त्याची. त्याची कधीच नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण ह्याला शहाणा म्हणून म्हणूनच लोकांनी बिघडवला होता.

गेल्या वर्षी ऑगस्टात त्याच्याकडे एक नर्सबाई आली. रात्रपाळीला डोंगरापलीकडच्या दवाखान्यात जायचं, म्हणून चार चाकं हवी होती. आता तुम्हाला एक सांगतो, नीट ऐका. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं हेड, ह्या दोघांच्या मध्ये एक पातळ पत्र्याचं गॅस्केट असतं. पाणी, तेल आणि जाळ ह्या तिघांना ते लांब लांब ठेवतं. ते जळालं की तिघं एकमेकांच्या घरात शिरतात आणि इंजिन मरतं. आणि लबाडी अशी, की कधीकधी इंजिन गरम असताना लोखंड फुगतं, फट मिटते, सगळं कसं गोड चालतं. खरं रूप दिसतं ते गार इंजिनाच्या पहिल्या स्टार्टला.

विकणारा बेरकी. गाडी वीस किलोमीटर पळवूनच घेऊन आला. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडता येत नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. मग काय करायचं? दोन तास थांबायचं, गार होऊ द्यायची, मग पाणी बघायचं, तेलाचं झाकण काढून बघायचं. कानसेन कशाला थांबतोय! त्यानं कान लावला आणि म्हणाला, "ठणठणीत आहे. डोळे मिटून घ्या."

बाईनं डोळे मिटून घेतली. तीन आठवड्यांनी पहाटे ती कामावरून परतत होती. डोंगरातल्या चढावर, वळणातच इंजिन बंद पडलं. मागून ट्रक आला. पुढचं सांगत नाही.

तिचा भाऊ गॅरेजवर आला होता. भांडायला नाही, फक्त विचारायला. "तुम्ही नीट बघितली होतीत ना?" कानसेननं त्याच्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. "मी बघितली तेव्हा ठणठणीत होती. तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवता येत नाही तर चालवायची कशाला?" मी तिथंच उभा होतो. मला असा राग आला, की हातातला पाना त्याच्या पायावर टाकावा. पण गप्प बसलो. साडू पडला, उगाच दोन बहिणींत वितुष्ट नको. त्या गप्प बसण्याची लाज मला आजही वाटते.

आता ती रात्र. नोव्हेंबरातली, शुक्रवारची. कानसेनची मुलगी सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी आलेली होती. जावयानं तिच्यासाठी जुनी गाडी बघितली होती, आणि तो संध्याकाळी सहाला ती घेऊन आला. लांबून चालवत आणलेली, तापलेली. सासऱ्यानं कान लावला आणि पसंत केली. जावई बसनं पुढे गेला, घर लावायला. मुलगी पहाटे पाच वाजता बाळाला घेऊन त्याच डोंगराच्या रस्त्यानं निघणार होती, ऊन चढायच्या आत.

अकरा वाजून दहा मिनिटांनी कानसेनचा फोन वाजला. बाईचा आवाज. "गाडी गरम झालीय. चढावर उभी आहे. तुम्हीच या."

"सकाळी बघू," तो म्हणाला.

"सकाळी उशीर होईल."

तो शिव्या घालत उठला, पण उठला. रात्री-अपरात्री लोकांना आपलीच आठवण येते, ह्याचा त्याला गर्व होता. हत्यारांची पेटी स्कूटरला लावली आणि निघाला. घरातली सगळी झोपलेली, कुणाला सांगितलं नाही.

चढावर एकच गाडी उभी होती, पुढचे दिवे चालू, तोंड उताराकडे. दिव्यांमुळे मागचं काही दिसत नव्हतं. बाई स्टेअरिंगवर बसलेली, काच दोन बोटं खाली. चेहरा अंधारात. उतरली नाही, नमस्कार नाही, काही नाही. ह्यानं बॅटरी मारली तर आतला तापमानाचा काटा लालच्याही पलीकडे टेकलेला. ह्यानं बॉनेटवर हात ठेवला.

गार.

नुसतं गार नाही. हात झटकन मागे घ्यावा इतकं गार.

"काटा खराब आहे तुमचा," तो म्हणाला.

"उघडून बघा."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला बॉनेट उघडायला लावलं. त्यानं उघडलं. रेडिएटरचा वरचा पाइप दाबला, तर दगडासारखा टणक. गार इंजिनाचा पाइप मऊ लागला पाहिजे. टणक म्हणजे आत दाब कोंडलाय. त्यानं झाकण सोडलं, फुस्स झालं. तेलाचं झाकण काढलं तर आतून पांढरट, फेसाळ चिखल. तेलात पाणी.

"स्टार्ट करा."

इंजिन खोकत, थरथरत सुरू झालं. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येऊ लागले. मागून पांढरा धूर निघाला, गोडसर वासाचा, आणि बघता बघता सगळा रस्ता भरून गेला.

"काय झालंय?" तिनं विचारलं.

"गॅस्केट गेलंय. शंभर टक्के."

"कधीपासून?"

"आजचं नाही हे. घेतलीत तेव्हाच गेलेलं असणार. घेताना कुणाला दाखवली नव्हती का?"

"दाखवली होती."

"कोण गाढव होता तो?"

...

इंजिन थरथरत होतं. मग काच हळूहळू खाली गेली.

वाऱ्यानं धूर बाजूला झाला. कानसेननं गाडीच्या बाजूनं मागे पाहिलं.

मागे गाडी नव्हती.

पुढची सीट होती. सीटवर ती होती. तिच्या पाठीमागे काही नव्हतं. ना मागची सीट, ना डिकी, ना चाकं. नुसता रस्ता.

"दोन बोटं घाला," आवाज आला. "बुडबुडे लागतात का बघा."

आवाज काचेतून आला नाही. बॉनेटखालून आला.

पळायचं होतं त्याला. पण हात आपोआप पुढे गेला. बोटं रेडिएटरच्या तोंडात गेली. गार पाणी... आणि ती निघेनात. ओढला, हिसका दिला. निघेनात.

पाणी कोमट झालं.

"आज संध्याकाळी कुणाची गाडी बघितलीत?"

त्यानं पुन्हा हिसका दिला.

"तापलेलीच होती ना?"

पाणी गरम झालं. फोन खिशात होता. डाव्या हातानं काढला. बंद. घरी मुलगी... बाळ... पाच वाजता निघणार... हाच चढ...

"सांगा ना. ठणठणीत होती?"

चटका बसायला लागला.

"माहीत नाही!" तो ओरडला. "मी बघितलीच नाही! तुझीही नाही बघितली! नुसतं ऐकलं!"

पाणी उकळलं.

बोटं सुटली तेव्हा तो रस्त्यावर पडलेला होता. गाडी नाही, धूर नाही. फोन सुरू होता. चार वाजून एकवीस मिनिटं. त्याच्या हिशोबानं तो तिथं फार तर अर्धा तास होता.

त्यानं घरी फोन लावला. वाजत राहिला. कुणी उचलेना. भाजलेल्या हातानं स्कूटर कशी चालवली ते त्याचं त्यालाच ठाऊक. पाचला दहा कमी असताना अंगणात शिरला. गाडी उभी होती. मुलगी सामान भरून आत बसलेली, बाळाला आणायच्या आधी किल्ली फिरवून बघत होती. ह्यानं दार उघडून तिला ओढूनच बाहेर काढलं.

"बाबा, अहो काय करताय! तशीही ही सुरू होत नाहीये. नुसती गरगर करतेय."

तेवढ्यात घरातून बाळाची किंकाळी आली. दोघं धावले. खोलीची खिडकी बंद, कडी आतून लावलेली. दारात आजी नुकतीच उठून आलेली. बाळ पांघरुणात होतं तसंच होतं, रडून लाल झालेलं, पण अंगावर ओरखडा नाही. त्याच्यापासून चार बोटांवर गादीवर एक गॅस्केट पडलं होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये जळालेलं. आजीनं उचलायला हात लावला आणि ओरडून मागे घेतला. इतकं तापलेलं होतं. खालची चादर करपली होती.

हे सगळं कानसेननं मला दवाखान्यात सांगितलं, हाताला पट्टी बांधून घेताना. मला वाटलं, त्या नर्सबाईच्या भावानं कुणाकडून तरी डाव साधला असेल. रात्री घरात शिरून जुनं गॅस्केट तापवून ठेवलं असेल. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. म्हणून दुपारी मी स्वतः पेटी घेऊन गेलो आणि मुलीच्या गाडीचं बॉनेट उघडलं.

हेडचे दहाही बोल्ट जागेवर होते. डोक्यांवर कंपनीनं मारलेली रंगाची रेघ अखंड. म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून त्यांना पाना लागलेला नव्हता. एकेक बोल्ट मला पाइप घालून, अंगाचा जोर लावून सोडवावा लागला. दहावा निघाला. निरोप मिळताच परत आलेल्या जावयानं आणि मी हेड दोन बाजूंनी धरलं आणि उचललं.

मध्ये गॅस्केट नव्हतं. लोखंडावर लोखंड.

मग मी ते गादीवरचं आणवलं आणि ठोकळ्यावर ठेवलं. एकूण एक भोक जुळलं.