चौदा नंबरचा फोल्डर

आर्याला पसाऱ्याचा भारी राग. मनवेलपाड्यातल्या त्यांच्या दीड खोलीच्या घरात मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या होत्या, चार्जरच्या वायरींवर चिठ्ठ्या होत्या, आणि मोरीतल्या निळ्या पिंपावरसुद्धा तिने ‘वापरायचं पाणी’ असं लिहून चिकटवलं होतं. नळाला पाणी दिवसाआड यायचं. मधल्या दिवशी पिंपात उरलंसुरलं असेल त्यावर भागवायचं. आई, जयवंतीबाई, हसायची. “एक चिठ्ठी माझ्या कपाळावर पण लाव,” म्हणायची.

आणि नेमकं अशा टापटिपीच्या मुलीचं मागचं वर्ष बुडालं. प्रबंध द्यायच्या आठ दिवस आधी लॅपटॉपने मान टाकली आणि एम.ए.चं सगळं काम त्याच्याबरोबर गेलं. गोखिवऱ्याच्या कारखान्यात आठ तास उभं राहून पॅकिंग करणारी आई तेव्हा ओरडली नाही. “अजून एकच वर्ष ढकलू,” एवढंच म्हणाली. “पुढे मात्र मला नाही जमायचं गं.” आर्याला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

म्हणून यंदा सगळं क्लाउडवर. विषय तोच होता, होळी गावातली आणि आजूबाजूच्या वाड्यांमधली बावखलं. बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं लहानसं तळं. केळी, पानवेली, सोनचाफा सगळं त्याच्यावर जगायचं. हल्ली बरीचशी बुजवली आहेत. आर्याने जुन्या नोंदी चाळून तेवीस बावखलांची यादी केली, ती विद्यापीठाकडून मंजूर करून घेतली आणि एका दुपारी बसून तेवीस फोल्डर तयार करून टाकले. आधी खण पाडायचे, मग भरायचे, हा तिचा खाक्या. प्रत्येकात तीन गोष्टी हव्यात: फोटो, नकाशावरची जागा आणि मुलाखत. तिच्या मार्गदर्शक डायना मॅडम वसईत बसून फोल्डर बघू शकायच्या, पण भर घालायची आणि पुसायची मुभा एकट्या आर्याला होती. शुक्रवारी संध्याकाळी पाचला सगळं विद्यापीठाकडे जायचं होतं. “एक जरी फोल्डर रिकामा राहिला तर परत पाठवतील हं,” असं मॅडमनी बजावून ठेवलं होतं.

बावीस भरले. चौदा नंबर राहिला.

चौदा नंबरचं बावखल होळीच्या पुढच्या अंगाला, भागूबाईंच्या वाडीत होतं. म्हणजे एके काळी होतं. रविवारी सकाळी आर्या गेली तेव्हा तिथे सपाट जमीन होती आणि तिच्यावर गवताचं पातंही नव्हतं. भागूबाई सत्तरीच्या पुढच्या, एकट्याच राहणाऱ्या. त्यांनी चहा दिला, केळी दिली, पण बावखलाचं नाव काढताच विषय तोडला, जागेचा फोटो किंवा नकाशासाठी खूणही घेऊ दिली नाही. आर्याच्या लक्षात आलं की अंगणातल्या बादल्या, हंडे, परसातली घमेली, सगळं उपडं घातलेलं आहे. चहा संपला तसे भागूबाईंनी कपही उचलले आणि बशीवर पालथे ठेवले.

“आजी, हे सगळं उपडं का?”

“भरनी घालून बुजवलेल्या पान्याला रिकामी जागा दिसली का ते येतं.” त्यांनी हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. “त्याच्या नावानं काय पन रिकामं ठेवायचं नाय.”

आर्याने वहीत ‘स्थानिक समजूत’ असं लिहिलं. माझ्याकडे तर त्याच्या नावाचा अख्खा फोल्डर रिकामा आहे, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण म्हाताऱ्या माणसाला फोल्डर काय समजावणार, म्हणून तिने ते गिळलं.

सोमवारी दुपारी तिने लॅपटॉप उघडला तर चौदा नंबरच्या फोल्डरात एक फाइल होती.

फोटो होता. गोल, पांढुरकं आभाळ, भोवती काळी कड, आणि कडेवरून खाली वाकलेला एक माणूस. चेहरा अंधारात. काढणारा खूप खोल, खाली असावा. ‘कोणी टाकली’ या रकान्यात ‘मी’ असं लिहिलेलं होतं.

दुसऱ्या कुठल्या बावखलाचा फोटो चुकून इथे पडला असणार, असं तिने स्वतःला समजावलं. मग बावीस बावखलांचे तीनशे सोळा फोटो एकेक करून तपासले. तो त्यांत नव्हता. पाण्यात उतरून तर तिने एकही फोटो काढला नव्हता. तिला पोहताच येत नव्हतं. तिने पासवर्ड बदलला. फोटो पुसायला बोट नेलं आणि थांबली, कारण फोल्डर परत रिकामा झाला असता आणि हातात चारच दिवस होते.

मंगळवारी जागा आली. नकाशावरची खूण बरोबर त्या उघड्या जमिनीच्या मधोमध होती.

बुधवारी मुलाखत आली. अकरा मिनिटं.

आर्याने इअरफोन लावले. पहिला आवाज तिचा स्वतःचा होता. “नाव सांगाल?” तीच नेहमीची प्रश्नावली, तोच क्रम, प्रश्न विचारून झाल्यावर हलकेच खाकरायची तिची तीच सवय. एक पुरुष उत्तरं देत होता, सावकाश, प्रत्येक उत्तराआधी बराच वेळ घेऊन. “हरेश्वर.” खोली किती? “दीड पुरुस. आता लय जास्त.” पाणी कधी आटायचं? “कधीच नाय.” त्याच्या बोलण्यामागे सारखा एक आवाज येत होता, मडकं भरताना येतो तसा. पण हे मडकं अकरा मिनिटांत भरलं नाही.

आर्या घाबरली. खरंच घाबरली. तिने लॅपटॉप मिटला आणि आई कामावरून येईपर्यंत खाली पानपट्टीपाशी जाऊन उभी राहिली. आईला मात्र काही बोलली नाही. मागच्या वर्षीनंतर ‘माझ्या कामात काहीतरी गडबड आहे’ हे वाक्य त्या घरात उच्चारायची तिची छाती नव्हती.

गुरुवारी ती परत भागूबाईंकडे गेली. फोन मधे ठेवला आणि मुलाखत लावली.

आर्याचा प्रश्न संपला. मग तो माणूस बोलला. मागे घसरलेला पदर भागूबाईंनी दोन्ही हातांनी डोक्यावर ओढून घेतला, घरात वडीलधारं माणूस आल्यावर घेतात तसा.

“आमचे मालक,” त्या म्हणाल्या. “भरनीची शेवटची पाटी टाकायची होती. पानी कुठवर आलंय ते बघायला वाकले, ते परत वर आले नाय.” “पोरी, तू काय रिकामं ठेवलंस त्याच्या नावानं?”

आर्याने सांगितलं. जमेल तसं, खणाचा दाखला देऊन सांगितलं.

“आजच्या आज मोड तो खन.”

“हो आजी.”

“माझ्या गळ्याची आन घे.”

तिने आण घेतली. परतताना रिक्षात तिने ठरवलंही होतं. पण घरी आली तर आई कारखान्यातल्या कुणाकुणाला पेढे द्यायचे याची नावं मोजत बसली होती, आणि फोनवर मॅडमचा निरोप होता: ‘चौदा नंबर ऐकला. इतकी सुंदर मुलाखत तू पूर्ण वर्षात घेतली नव्हतीस. प्रबंध तरला.’

शुक्रवारी साडेचारला आर्या लॅपटॉपपुढे बसली. चौदा नंबर मोडायचा तर प्रबंध परत येणार. ठेवायचा तर एका म्हाताऱ्या बाईच्या गळ्याची खोटी आण, आणि न घेतलेली मुलाखत आपली म्हणून द्यायची. तिला स्वतःची लाज वाटली, हेही तितकंच खरं. मुलाखत आता अकरा मिनिटं नऊ सेकंदांची झाली होती. ती नऊ सेकंदं तिने ऐकली नाहीत. पाचला पाच कमी असताना तिने बटण दाबलं.

शनिवारी काही झालं नाही. आईने पेढे आणले. आर्या मागच्या वर्षानंतर पहिल्यांदा दुपारची गाढ झोपली.

रविवारी सकाळी, आई बाजारात गेलेली असताना, मॅडमचा फोन आला.

“आर्या, अभिनंदन! त्यांनी दाखल करून घेतलंय. एकच विचारायचं होतं. त्या मुलाखतीत शेवटी तू ‘आणखी काही सांगायचंय?’ विचारतेस ना, त्यावर तो गृहस्थ म्हणतो, ‘तू मला जागा ठेवलीस, आता मी तुला ठेवतो.’ म्हणजे काय गं?”

आर्याची नजर ओट्यावरच्या कपांकडे गेली.

“आणि बावखलं तेवीसच आहेत ना? मग हा चोविसावा फोल्डर कशाला केलास? तुझ्याच नावाचा आहे. रिकामा आहे.”

आर्याने फोन कानाशी धरूनच ओट्यावरचे कप उपडे घातले. मग पेले. मग पातेली, चहाची किटली, डाळीचा धुतलेला डबा. मॅडम पलीकडून काहीतरी विचारत होत्या. मोरीतली बादली तिने पायाने लोटून पालथी केली. तांब्या पालथा घातला.

राहिलं पिंप. काल पाण्याचा दिवस नव्हता, आज संध्याकाळी सातला येणार होतं. आईने सकाळीच तळ खरवडून शेवटचे दोन तांबे काढले होते.

आर्याने पिंपाची कड धरून ते कलतं करायला जोर लावला. पिंप हललं नाही.

चिखलाचा आणि सोनचाफ्याचा वास आला.

ती वाकली. पाणी काठोकाठ होतं, काळं आणि स्थिर. पिंपाचा तळ दिसत नव्हता.

“अगं, थांब,” कानात मॅडम म्हणाल्या. “रिकामा नाही तो. आत्ताच एक फोटो आला.”

“कसला?”

“नीट कळत नाही. खालून काढलाय. गोल उजेड आहे, आणि कडेवरून कुणीतरी वाकलंय. मुलगी असावी. कानाशी फोन धरलाय तिने.”