मोंब्रेलाकचं बुटकं दार

बुद्धप्रिया आणि वैजनाथ यांची गाठ फ्रान्समुळं पडली. फ्रान्सला याची कल्पना नव्हती, अजूनही नसावी.

त्याचं असं झालं... नांदेडच्या एका कॉलेजात मराठी पंधरवडा होता. पंधरवड्यात मराठीसाठी काहीतरी करावंच लागतं. मागच्या वर्षी ग्रंथदिंडी काढली, तिच्यात ग्रंथ तीन आणि झांजा चाळीस होत्या. म्हणून यंदा नरसिंग सरांनी ठरवलं, इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात मराठी लेख लिहायचे. कुणा उत्साही माणसानं तिथं फ्रान्समधल्या हजारो खेड्यांची नावं टाकून ठेवली होती आणि प्रत्येकापुढं एकच ओळ: ‘हे फ्रान्समधील एक गाव आहे.’ गाव आहे, बरं, पुढं काय? सरांनी गावं वाटून दिली. एका गावाला दोन विद्यार्थी, एक भूगोलाचा आणि एक इतिहासाचा. लॅबमध्ये चालू संगणक नऊच असल्यामुळं दोघांत एक कीबोर्ड.

बुद्धप्रिया भूगोलाची. नायगावची एसटी उशिरा आली, म्हणून तीही उशिरा आली. एकच खुर्ची रिकामी होती. शेजारी इतिहासाचा एक उंचेला मुलगा मांडीवर कीबोर्ड घेऊन, तान्हं बाळ सांभाळावं तसा बसला होता.

“बसू का?”

“बसा की. मोंब्रेलाक तुमचंबी हाय.”

“कुठं हाय हे?”

“फ्रान्सच्या खाली, डोंगराच्या बगलेला. लोकसंख्या दोनशे चौदा. आणि बगा, महापौर हाय!”

“दोनशे चौदा लोकांना?”

“हाव. आमच्या लिंबगव्हाणला साधा ग्रामसेवक आठवड्यातून एकदा येतोय.”

ती हसली. वैजनाथनं पुढचा अर्धा तास तिला पुन्हा हसवण्यात घालवला आणि मोंब्रेलाकचं क्षेत्रफळ दोनदा चुकवलं. ती सांगायची, तो टाइप करायचा. मग तो सांगायचा, ती टाइप करायची. कधी तिची करंगळी स्पेसबारवर असायची आणि त्याच वेळी त्याचा अंगठाही... दोन शब्दांत जेवढी जागा सोडायची असते, तिच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा त्या दिवशी मोंब्रेलाकमध्ये सुटली.

“नाव काय म्हणालात?”

“बुद्धप्रिया.”

“लई लांब हाय. मी प्रिया म्हणू?”

“म्हणा...”

तेव्हा तिला ते गोड वाटलं. आपलं नाव अर्ध्यात कापलं जातंय हे कानांना कळायला हवं होतं, पण कान लाल होण्यात गुंतले होते.

चौथ्या दिवशी इतिहासाचं पान आलं. भाषांतराच्या यंत्रानं त्याची खिचडी केली होती, पण मथितार्थ निसटला नाही. त्या मुलखात शेकडो वर्षं ‘कागो’ म्हणून लोक होते. दिसायला इतरांसारखे, बोलायला इतरांसारखे, देवही तोच. तरी त्यांची वस्ती वेगळी, पाणी वेगळं. चर्चमध्ये यायचं तर त्यांच्यासाठी बाजूला वेगळं बुटकं दार, कमरेत वाकल्याशिवाय आत येता येऊ नये असं. तीर्थाचं पाणी द्यायचं तर काठीच्या टोकानं. मोंब्रेलाकच्या चर्चचं ते दार आता दगडांनी बुजवलंय, पण चौकट दिसते आणि शेजारी पाटी आहे.

“वस्ती ओढ्याच्या पूर्वेला असंल,” बुद्धप्रिया म्हणाली.

वैजनाथनं नकाशा उघडला. पूर्वेलाच होती. “कसं ओळखलीस?”

“वारा पश्चिमेकडून येतो ना. त्यांच्यावरून गावात येऊ नये म्हणून.”

“तुम्ही भूगोलवाल्या लई हुशार बुवा!” तो मनापासून म्हणाला. मग त्यानं त्या दाराचा परिच्छेद लिहायला घेतला. लिहिता लिहिता थांबला. डोळे पुसले. “कसली माणसं असतील गं ही? माणसाला काठीनं पाणी?”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मुलांचे डोळे भरलेले तिनं परीक्षेच्या निकालाशिवाय पाहिले नव्हते. तिला वाटलं, याला कळतंय... न सांगता कळतंय.

प्रेमात माणूस याहून मोठ्या चुका करतो, पण ही पुरेशी होती.

फेब्रुवारीच्या मध्याला अवकाळी पाऊस आला. हरभरा काढून शेतात पडलेला, त्यामुळं त्या पावसावर खूश असणारी जिल्ह्यात दोनच माणसं होती आणि ती कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीत, एका ताडपत्रीखाली उभी होती. ताडपत्रीतून थेंब नेमका बुद्धप्रियाच्या भांगात पडत होता. वैजनाथनं तळहात तिच्या डोक्यावर धरला... दहा मिनिटं, चहा निवेपर्यंत.

“हात दुखंल.”

“दुखू दे. एक इचारू? पाडव्याला आमच्या घरी येशील? आईला सांगतो मी. समदंच सांगतो.”

“समदं म्हणजे?”

“म्हणजे... हेच. तू आणि मी.”

तिनं ग्लास दोन्ही हातांत धरला. मग हळूच म्हणाली, “तुमच्या गावात मी आलेली हाय. चार उन्हाळ्याच्या सुट्ट्या.”

“लिंबगव्हाणला? निलंग्याजवळच्या?”

“हाव. माझी मावशी तिथंच दिलीय. गुणाबाई.”

“मग मला कशी दिसली न्हाईस?”

“तू ओढा ओलांडून कधी आला होतास?”

तो हसला. तिनंही हसून घेतलं. पण घरी जाऊन वडिलांना सांगितलं की परभणीच्या स्थळाला पाडव्यापर्यंत काही कळवू नका. वडील शिक्षक, त्यांनी कारण विचारलं नाही, फक्त चष्मा काढून पुसला.

आठ दिवसांनी, सकाळी सकाळीच, वैजनाथचा फोन आला. आवाजात दिवाळी.

“प्रिया, तुझ्यासाठी एक चीज केलोय. फ्रान्सचं गाव लिहिलो, आता आपलं लिहिलो. लिंबगव्हाण! त्या ज्ञानकोशातच. वाच आणि सांग. तू जिथं नांदणार हायस ते गाव हाय.”

तिनं वाचलं. सुरेख लिहिलं होतं. भूगोल, इतिहास, अगदी मोंब्रेलाकच्या वळणावर. निजामाच्या काळातली पोलीस चौकी होती, रझाकारांच्या वेळी गाव आठ दिवस उसाच्या फडात कसं लपलं ते होतं. मारुतीचं मंदिर, दोन चिंचा, आठवडी बाजार, काका शेषेराव यांनी बांधलेली वेस. आणि शेवटी: ‘पूर्वेस ओढा असून तेथे गावाची हद्द संपते.’

तिनं ती ओळ तीनदा वाचली. भूगोलाची विद्यार्थिनी होती, हद्द कुठं संपते हे तिला ठाऊक होतं. ओढ्यापलीकडं आणखी अर्धा किलोमीटर. तिथं मावशीचं घर, विहार, बोअरवेल आणि चार उन्हाळ्यांत पडून फुटलेली स्वतःची ढोपरं होती.

रागावली नाही ती. विसरला असेल, वाटलं. ज्ञानकोशात कुणीही दुरुस्ती करू शकतो; तिनं एक ओळ घातली: ‘ओढ्यापलीकडे भीमनगर ही गावाची वस्ती असून तेथे बासष्ट घरे आहेत.’ बस. आणि चहा ठेवायला उठली.

चहा गाळून परत आली तर ओळ नव्हती. कारण लिहायच्या चौकटीत एकच शब्द होता: ‘अनावश्यक’. खाली नाव वैजनाथचं.

फोन तिनंच केला.

“पुसलास?”

“अगं प्रिया, तू कशाला हात लावलीस तिथं? काका ग्रुपवर टाकलेत ते. सगळं गाव वाचायलंय.”

“मग गावातल्यांना गावच दिसलं असतं.”

“तसं न्हाई गं... लोक इचारतील, ही ओळ कोण घातलं. तुझं नाव दिसतंय तिथं. पूर्ण नाव.”

“माझं पूर्ण नाव दिसलं तर काय होतं?”



“आत्ताच नको ना,” तो म्हणाला. “घरी बोलणारच हाय मी. जरा थांब. अंदाज घ्यायलोय.”

“मोंब्रेलाकचं दार लिहिताना रडला होतास तू.”

“ते वेगळं हाय. ते जुनं हाय.”

“आणि लांबचं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सत्तावीस फेब्रुवारीला बक्षीस समारंभ झाला. पहिलं बक्षीस ‘मोंब्रेलाक’ला. प्रमाणपत्र दोघांत एकच होतं, कारण छापखान्यात कागद संपला. सरांनी वैजनाथला बुटक्या दाराचा परिच्छेद वाचायला लावलं. त्यानं खरोखर छान वाचला. ‘काठीच्या टोकानं’ म्हणताना आवाज कापला. प्रमुख पाहुणे विद्रोही साहित्याचे जाणकार होते. त्यांनी रुमाल काढला आणि युरोपचा धिक्कार केला. सभागृहानं एकमतानं युरोपचा धिक्कार केला. युरोप लांब असल्यामुळं कुणाची अडचण झाली नाही.

“भूगोल कुणी लिहिला? तुम्हीही दोन शब्द बोला,” पाहुणे म्हणाले.

बुद्धप्रिया माईकपाशी गेली.

“मी फार बोलत न्हाई. मोंब्रेलाकच्या लोकांनी ते दार बुजवलं, पण लेखातून पुसलं नाही. स्वतःहून पाटी लावली. दोनशे चौदाच माणसं हायत, तरी जमलं त्यांना. एवढंच.”

टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात वैजनाथनं वाजवल्या. मुलगा मनाचा चांगलाच होता. वाजवता वाजवता मात्र त्याचे हात मध्येच थांबले, आणि तो पायांकडं बघू लागला.

बसस्टँडवर तो मागं आला. लातूरची गाडी लागलेली, नायगावची निघायच्या बेतात.

“प्रिया... मी ती ओळ परत टाकतो. शपथ. लग्न झाल्यावर पहिलं काम तेच.”

“कुणाचं लग्न?”

ती वाट बघत होती, खरंच बघत होती. एवढ्या गर्दीत, एवढ्या धुरात तो एकदा तरी तिचं अख्खं नाव घेईल म्हणून. कंडक्टरनं घंटी दिली.

“प्रिया, ऐक तर...”

“प्रमाणपत्र तू ठेव,” ती म्हणाली. “तुझ्या घरी भिंती जास्त हायत.”

आणि चढली. खिडकीतून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं की तो तळहात वर धरून उभा होता, टपरीत धरला होता तसाच. पण पाऊस नव्हता.

घरी पोचल्यावर वडिलांनी चष्मा काढला. तिनं मान हलवली. त्यांना तेवढं पुरलं.

त्या ज्ञानकोशाची एक खोड आहे. तिथं पुसलेलं पुसलं जात नाही. प्रत्येक लेखामागं ‘इतिहास’ नावाचं पान असतं. कोणी काय घातलं, कोणी काय काढलं, किती वाजता, सगळं तिथं कायमचं राहतं. बुद्धप्रियानं त्या संध्याकाळी लिंबगव्हाणचं ते पान उघडलं. ओळ घातली, सकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटं. ओळ काढली, सात वाजून त्रेपन्न.

अकरा मिनिटं. तेवढा वेळ ती त्या गावात नांदली.