आकाश गप्प झालं तेव्हा

अंटार्क्टिकावरच्या तळात आकाशाची खरखर दिवसभर ऐकू यायची. आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओलहरींचा तो आवाज ऋजुताच्या आजोबांनी मुद्दाम स्वयंपाकघरातल्या स्पीकरला जोडला होता. आज मात्र तो विरत विरत गेला. का, ते ऋजुताला कळेना.

आजोबांना विचारायची सोय नव्हती. तळाकडे येणाऱ्या वाटेवर बर्फाला नवी भेग पडल्याचं ड्रोनने टिपलं होतं आणि नेमकी त्याच वाटेने ऋजुताची आई बर्फगाडी घेऊन परतत होती. तिचा उपग्रहफोन कालच बंद पडलेला. उरला रेडिओ, तोही उत्तर देईना. ऋजुता खिडकीशी जाई, परत येई, पुन्हा जाई. आजोबा वारंवारता (लहर एका सेकंदात किती वेळा हेलकावते तो आकडा) खाली खाली आणत होते. मायदेशी रात्री कमी वारंवारतेवरच हाक दूर पोचते, म्हणून दिवस मावळला की खाली यायचं, ही त्यांची तिकडची सवय. घड्याळात दिवस मावळलाही होता. बाहेर मात्र लख्ख ऊन; इथल्या उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही.

"आजोबा, आकाशाचा आवाज कुणी गिळला?"

आजोबांचा हात थांबला. मग त्यांनी भराभर सांगितलं. सूर्यावर वादळ झालं की त्याचे वेगवान कण ध्रुवांवर उतरतात आणि आयनांबरात (हवेचा उंच, विद्युतभारित थर) खालच्या बाजूला खूप इलेक्ट्रॉन सुटे करतात. रेडिओलहर, आकाशातून आलेली असो वा आपली, त्यांना हलवते. तिथली हवा वरच्यापेक्षा दाट, म्हणून ते हवेच्या कणांवर आपटतात आणि लहरीची शक्ती तिथेच जिरते. वारंवारता जितकी कमी, तितकी लहर जास्त जिरते.

"मग खाली कशाला जाताय? वर जा ना."

"जातो, माझे आई. घड्याळ बघत बसलो आणि सूर्य विसरलो."

पण फार वर गेलं, तर लहर आयनांबरातून जमिनीकडे परत न वळता अवकाशात निघून जाते. पहिली हाक तशीच गेली. जरा खाली येऊन त्यांनी दुसरी दिली. आईचा रेडिओ सगळ्या वारंवारता आळीपाळीने ऐकत होताच.

"...बोला बाबा, ऐकतेय."

ऋजुताने माइक ओढून घेतला. सकाळपासून ती एकच गोष्ट मागत होती, आई लवकर येऊ दे. आता ती म्हणाली, "आई, गाडी थांबव. पुढे भेग आहे. तू येऊ नकोस."

पलीकडे इंजिन बंद झालं. लांबच्या वाटेने आई उद्याच पोचणार होती. तोवर आकाशाचा आवाज ऐकून स्वतःच वारंवारता निवडणारा रेडिओ कसा जुळवायचा, ते आजोबा आणि ऋजुता कागदावर मांडू लागले.