परक्याच्या राखेवर पाणी

शकुंतलाबाईंचा दम्याचा पंप संपला होता. तो पुलगावहून घेऊन सदाशिवराव सायकलवर नाचणगावला परतले, तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीत वळताच जळक्या कापसाचा वास नाकात शिरला. घराजवळ आले तर आतून बायकोच्या छातीची घरघर ऐकू येत होती.

शेजारचा निकेश पुन्हा जाळत बसला होता. रोज तेच. कधी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, कधी प्लास्टिक, कधी टायर. राख यांच्या ओसरीवर, धूर यांच्या घरात. सांगून सांगून जीभ झिजली. आज तर त्याने हद्द केली होती. परवा वारलेल्या आईची, छायाबाईची गादी अंगणातच पेटवली होती. माणसं ती गावाबाहेर नेऊन जाळतात. या ऐद्याला तेवढंही चालवत नव्हतं. छायाबाई जिती असताना ज्यानं तिला धड भाकर विचारली नाही, त्याच्याकडून दुसरं काय होणार?

सदाशिवरावांनी बादली उचलली.

"काका, थांबा..." निकेशचा आवाज एकदम खाली आला. "त्याच्यावर पाणी घरच्यानंच टाकावं लागते. परक्यानं टाकलं, तर मेलेलं माणूस त्याच्यामागं..."

"आता रीत आठवली काय तुले? माय जिती होती तवा कुठं गेलता? तिकडं माही बायको गुदमरून राह्यली."

त्यांनी बादली पालथी केली. गादी फसफसली, मग कोणी सुस्कारा टाकावा तसा आवाज झाला. वारा पूर्ण पडलेला होता. तरी धूर जमिनीलगत सरकत गेला, कुंपणाखालून निघाला आणि सदाशिवरावांच्या उघड्या दारात शिरला.

निकेश दोन पावलं मागे सरला. "काका... माय तुमच्या घरात गेली."

"जाऊ दे. तुह्यापेक्षा बरं ठेवीन," म्हणत ते थुंकले आणि घरी आले.

शकुंतलाबाई दिवाणाच्या पार कडेला निजल्या होत्या. अर्धी गादी मोकळी होती. घरघर चालूच होती.

"हा घे पंप."

"नको... आता कसं हलकं वाटते."

"मंग इतकी काऊन सरकली?"

"हळू बोला. तिले जागा दिली. वली गार होऊन आली बिचारी..."

"धुरानं डोकं फिरलं तुह्यं," म्हणत त्यांनी बल्ब लावला.

घरघर ओळखीचीच होती. बायकोचीच, बारा वर्षं ऐकलेली, शेवटाला बारीक शिट्टी वाजणारी. पण ती मोकळ्या उशीवरून येत होती.

सदाशिवरावांनी बायकोच्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. छाती हलत नव्हती.

"आता नका ना उठवू तिले," शकुंतलाबाई म्हणाल्या.