टोन नसलेली हाक

पेणच्या बाजारात माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. नवरा गेल्यावर त्याची सोल्डरिंगची कांडी मी हातात घेतली, तेव्हा आळीतले पुरुष हसले. हसले तर हसले. शाळेची पायरी मी चढले नाही, तरी सर्किटचा कागद मला पोथीसारखा वाचता येतो. चार वर्षांत तेच पुरुष आपापले मुके रेडिओ घेऊन माझ्या फळीपाशी उभे राहू लागले. त्यामुळे शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत धरमतरच्या एका जेट्टीवरून वायरलेस बिघडल्याचा निरोप आला, त्यात नवल काही नव्हतं. पिशवी भरली, सकाळची एसटी धरली. अमावास्या होती, म्हणजे खाडीला उधाण. तुम्ही दिवा जवळ ओढून बसलात खरे, पण हे घडलं ते भर दुपारी, लख्ख उन्हात.

जेट्टीवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये मोरोपंत बसायचे. रोह्याच्या शाळेतले निवृत्त मास्तर. मालाच्या बार्ज हाकणाऱ्या तांडेलांशी वायरलेसवर बोलायचं, एवढंच त्यांचं काम. आत डिझेलचा आणि ओल्या चिखलाचा वास कोंडला होता.

"मालूबाई, आवाज येत नाही, पण हिरवा दिवा लागतो," ते म्हणाले. "मागच्या दोन्ही उधाणांना लागला. पाणी चढत आलं की तीनदा. मधे दर वेळी तेवढंच थांबून."

माझा पेचकस स्क्रूवर तसाच राहिला.

तीनदा. तिथली रीत सांगते. खाडीच्या वळणावर दोन्ही काठांना दाट कांदळवन, पलीकडून काय येतंय ते दिसत नाही. आत येणारा तांडेल वळणाआधी तीन हाका मारतो. जेट्टी 'थांब' म्हणाली तर थांबायचं. तीन हाकांना उत्तरच आलं नाही, तर वाट मोकळी समजायची. कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, चालत आलेलं.

आणि त्या सेटला टोन बसवला होता मी. डिसेंबरात. शेजारच्या जेट्ट्यांची बडबड ऐकून पंतांचं डोकं उठायचं म्हणून. टोन म्हणजे दारात बसवलेला राखणदार. आपल्या प्रत्येक सेटमधून आवाजाखाली एक बारीक गुणगुण जाते, माणसाच्या कानाला न कळणारी. ती असेल त्याचाच आवाज आत येतो. बाकीचे कितीही ओरडोत, दिवा तेवढा लागतो.

सगळ्या बार्जच्या सेटना मी टोन दिला. एकच राहिली, मुंबईला गेलेली, जगन तांडेलची.

"ती येईपर्यंत आपला सेट उघडाच ठेवूया का?" पंतांनी विचारलं होतं.

"मला शिकवू नका," मी म्हणाले होते.

चार दिवसांनी जगन वळणावर समोरून येणाऱ्या भरलेल्या बार्जवर आदळला आणि त्याची बार्ज बुडाली. खलाशी पुढे दोरांवर होते, ते पोहून निघाले. सुकाणूच्या खोलीत तो एकटा होता. त्याचं प्रेत काढलं ते दुसऱ्या दिवशी. हाक न मारताच घुसला, असं सगळे म्हणाले. प्यायला असेल, असंही म्हणाले. मी गप्प बसले. नसेलच मारली हाक, असं रोज रात्री स्वतःला सांगत होते.

"पंत, त्या दिवशी दिवा लागला होता?"

"लागला होता... तीनदा. मला वाटलं, शेजारचे बोलतायत."

"जगनचा सेट कुठाय?"

त्यांनी कोपऱ्यातलं गोणपाट दाखवलं. मी सोडलं. सेट चिखलानं गच्च भरला होता. बॅटरीच्या दोन्ही तारा तुटलेल्या.

दारात सावली पडली. जगनची बायको चंद्रावती. शेजारच्या मिठागरात कामाला. पिंढऱ्यांपर्यंत मीठ सुकून पांढरं झालेलं.

"आज पन पेटंल ना तो दिवा?" तिनं विचारलं. "पंत सांगत नाय, पन मी खिरकीतून बगितलाय. मालूबाय, माझ्या पोरांना गावात बेवड्याची पोरा म्हनतात. त्यानं हाक मारली व्हती का नाय, येवढाच मना सांगा."

पंत म्हणाले, "अगो, तू जा आता..."

"नाय जानार."

तेवढ्यात दिवा लागला. हिरवा, स्थिर. स्पीकर मुका. विझला.

मी कुणापुढे मान खाली घातलेली नाही. पण त्या पायांवरच्या मिठाकडे पाहून म्हणाले, "चंद्रावती, या सेटला कुलूप मी घातलं. जगनकडं त्याची किल्ली नव्हती. चूक माझी."

मी टोनचं बटण फिरवून बंद केलं. आता सेट सगळ्यांना उघडा.

दिवा पुन्हा लागला. आधी इंजिनाची धडधड आली. मग पाणी... पत्र्यावर आपटणारं पाणी.

"जेट्टी... जेट्टी... जगन बोलतोय. वळनावर हाय. येऊ का?"

पंतांनी जानवं घट्ट धरलं. मला वाटलं, बाई किंचाळेल. ती हळूच खाली बसली.

"आवाज साफ हाय," ती म्हणाली. "प्यायला नाय."

दिवा विझला. आता तिसरी हाक. आणि तिसऱ्या हाकेनंतर आमचं गप्प राहणं म्हणजे परवानगी.

"जेट्टी... येऊ का?"

मी माईकचं बटण दाबलं. "थांब, जगन. समोरून भरलेली बार्ज येतेय. येऊ नको. नांगर टाक."

बराच वेळ नुसती खरखर. मग अगदी जवळून, कानाशी बोलल्यासारखं...

"ऐकला, मालूबाय. थांबतो."

साखळी सुटल्याचा खडखडाट. मग काही नाही.

चंद्रावती उठली आणि थेट धक्क्यावर गेली. "माझ्या नवऱ्यानं तीन हाका मारल्या!" ती ओरडली. "आयका रे सगल्यांनी!" हमाल, खलाशी जमले. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि टोनची सगळी हकीकत माझ्या तोंडानं सांगितली. काहींनी थुंकल्यासारखं केलं. करू देत. त्या दिवसापासून तिथली रीत मात्र बदलली: उत्तर नाही, तर थांबायचं.

इथं संपलं असतं तर मीही तुम्हाला हे हसत सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा जेट्टीवर गेले होते. काळुराम मच्छीवाला होडी धक्क्याला लावून धापा टाकत आला आणि आम्हा दोघींना वळणाशी घेऊन गेला. पाण्यातून एक साखळी वर आली होती. ताठ, जड काही ओढून धरल्यासारखी. वरचं टोक पाण्याच्या वर पुरुषभर उंचीवर होतं. कशालाही बांधलेलं नव्हतं.

काळुरामनं होडी मागे घेतली. चंद्रावती हलली नाही.

"तुमी थांब म्हनालात," ती म्हणाली, "म्हनून थांबलाय. आता ये कवा म्हनायचा?"

आम्ही तशाच बसून राहिलो. भरती संपली, पाणी क्षणभर निवलं आणि ओहोटी लागली. तेव्हा ती साखळी, नांगरावरची बार्ज फिरते तशी, सावकाश कुरकुरत समुद्राच्या दिशेनं फिरली.